ट्रायटनचे स्पार्क प्लग काढताय? निदान या चुका तरी करू नका

मिशिगनमधली थंडी सरली की मला तोच फोन येतो. "दादा, प्लग काढला, पण अर्धाच आला."

ट्रक ठरलेला: सेकंडहँड फोर्ड एफ-१५०, ५.४ लिटरचं थ्री-व्हॉल्व्ह ट्रायटन व्ही-८ इंजिन. एक लाख मैलांच्या आसपास तो चढावर अडखळायला लागतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि आपला माणूस शनिवारी जेवण आटोपून रॅचेट हातात घेतो. संध्याकाळी कुठेतरी जायचं असतंच.

मूळ चूक डोक्यात असते. आपण चेतकवर वाढलेली माणसं. स्कूटर बंद पडली की रस्त्याच्या कडेला तिरकी करायची, डिकीतला प्लग पाना काढायचा, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, की पाच मिनिटांत चालू. म्हणून वाटतं, इथे तेच काम आठ वेळा करायचं. तसं नाही. या इंजिनाचा मूळ प्लग दोन तुकड्यांचा आहे. वर षट्कोन आणि आटे, खाली हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) भोकात खोल उतरणारी लांब नळी, आणि दोन्ही एकमेकांत नुसते दाबून बसवलेले. नळी आणि हेड यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षं काजळी साचून दगड होते. आपण वरून पिळतो, वरचा तुकडा फिरतो, नळी जागची हलत नाही. मग जोड सुटतो. (याच घराण्यातल्या जुन्या टू-व्हॉल्व्ह इंजिनाचं दुखणं नेमकं उलटं. आटे इतके थोडे की चालत्या गाडीत प्लग उडून बाहेर यायचा. एक थुंकतं, दुसरं गिळून बसतं.)

एका दमात पिळणे

यावर मी हक्काने बोलतो, कारण माझ्या २००५ च्या ट्रकचे तीन प्लग मीच मोडलेत. चार वाजता देवळात पोचायचं होतं, दीड वाजता सुरुवात केली. पुढचे दोन सुटले आणि मला वाटलं, लोक उगाच घाबरवतात. तिसरा फिरवताना कर्र-कर्र आवाज आला. तिथेच थांबायला हवं होतं. मी रॅचेटला पाइप लावला. टक् झालं, पाना एकदम सैल पडला आणि प्लग हातात आला. तो हलका लागला, हे मला अजून आठवतं. खालचं टोक नव्हतंच.

शहाणा माणूस तिथे आवरतं घेतो. मी आणखी दोन मोडले. त्यातला चौथ्या सिलिंडरचा अगदी मागे, समोरच्या काचेखालच्या काउलखाली, जिथे आपला हात आपल्यालाच दिसत नाही. मग मोडलेली नळी ओढायचं, लायल कंपनीचं ६५६०० नावाचं टूल मागवलं. त्यातल्या दांड्याने आधी नळीत उरलेली प्लगची चिनीमाती खाली ढकलायची, झालेल्या जागेत टूल पिळून आटे पाडायचे आणि वरचा नट आवळत नळी हळूहळू वर ओढायची. दोन नळ्या आल्या. चौथ्यात मी पुन्हा घाई केली. चिनीमातीला खालून अडवणारी इलेक्ट्रोडची पट्टी वाकली आणि एक कपची सिलिंडरमध्ये गेली. व्हॅक्यूमला बारीक रबरी नळी टेपने चिकटवून, फोनला जोडायचा कॅमेरा आत सोडून ती शोधण्यात रविवार गेला. देवळात बायको एकटी जाऊन आली. त्याबद्दल आमच्याकडे अजून बोलणं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. इंजिन पूर्ण थंड. शुक्रवारी रात्री प्रत्येक प्लगवर बसलेली, ठिणगीची वीज देणारी कॉइल काढायची, प्लगचे खड्डे हवेने फुंकून साफ करायचे आणि प्रत्येक प्लग फक्त एक-अष्टमांश फेरा सैल करायचा. त्याहून जास्त नाही. मग खड्ड्यात चमचाभरापेक्षा कमी कार्ब क्लीनर (काजळी विरघळवणारा कार्ब्युरेटरचा द्रव) सोडायचा, गॅरेजचं दार थोडं उघडं ठेवायचं (वाफ पेट घेते) आणि झोपायला जायचं. फोर्डच्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये किमान पंधरा मिनिटं म्हटलंय. मी रात्रभर ठेवतो, कारण पंधरा मिनिटं सांगितली की लोक आठ थांबतात.

सकाळी थोडं सैल, पुन्हा थोडं घट्ट, पुन्हा सैल. कर्र वाजलं की मागे फिरायचं, आणखी दोन थेंब सोडायचे, चहा प्यायचा. टॉर्क रेंच (पिळण्याचा जोर मोजणारा पाना) सुमारे ३३ फूट-पाउंडांच्या वर जाऊ लागला की हात थांबला पाहिजे. आठ प्लगना मला चार तास लागतात. "गरम इंजिनावर झटकन निघतात" असं छातीठोक सांगणारे भेटतील. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे खरवडून निघतात. निघाले तर निघाले, नाहीतर नवं हेड. हा जुगार त्यांनी त्यांच्या ट्रकवर खेळावा.

थोड्याने होतं, तर जास्त ओतू

वरचं वाचून एका मित्राने उलटं टोक गाठलं. चमच्याऐवजी अर्धा डबा. सकाळी त्याचा फोन: "सगळे प्लग अख्खे निघाले! नवे बसवलेत, आता स्टार्टर मारतो." मी फोनवरच ओरडलो. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर आला, वर क्लीनर साचलेला असला आणि भोक नव्या प्लगने बंद असलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग वाचवून इंजिन घालवायचं.

गेलो, आठही प्लग परत काढायला लावले, कॉइल आणि इंजेक्टरची जोडणी सुटी केली, भोकांवर जुनी धोतरं टाकली आणि दोन-तीन सेकंद स्टार्टर फिरवला. सहाव्यातून काळं पाणी धोतरासकट उडालं. छतावरचा तो डाग अजून आहे. सगळं सुकायला दिलं, तासाभराने प्लग बसवले. त्याचं नशीब.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या आहेत, पण त्या रोज होतात.

इम्पॅक्ट रेंच (झटके देत फिरणारा यांत्रिक पाना) या कामाला नाही. नाही म्हणजे नाही.

२००८ चं मॉडेल असेल तर आधी इंजिन कधी बनलंय ते पाहा. २००७ च्या शेवटी हेड आणि प्लग दोन्ही बदलले. जुन्या हेडचा प्लग नव्यात बसत नाही आणि नव्या हेडला ही आरती ओवाळायची गरज नाही.

अडखळतोय तो एकच प्लग बदलून बाकीचे सात "नंतर बघू" म्हणू नका. ते नंतर आणखी घट्ट बसलेले असतात.

कॉइलच्या कनेक्टरची प्लास्टिकची कडी वयाने ठिसूळ झालेली असते. तिला स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, अंगठ्याने दाबून काढा.

नव्या मूळ प्लगच्या नळीवर बाहेरून निकेल अँटीसीझचा (भाग चिकटून बसू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात फिरवायचा, टोकाच्या इलेक्ट्रोडला मात्र लागू द्यायचं नाही. इडलीला लोणी लावल्यासारखं थापणारेही पाहिलेत. मी हल्ली एकसंध प्लगच घेतो, चँपियन वगैरे बनवतात. आवळायचा २५ फूट-पाउंड, तोही टॉर्क रेंचने. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याच्या हाताला कळतं ते आटे गेल्यावर.

आणि मोडलेली नळी ओढायचं टूल काम सुरू करण्याआधी घरात हवं, मोडल्यावर नव्हे. ट्रक उघडा पडलेला असताना पार्सलची वाट पाहणं मी केलंय. माझं टूल उसनं न्यायला हरकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी या. शनिवारी दुपारी तीनला फोन आला तर मी उचलणार नाही.