दोन क्लाउड वापरायचे असतील, तर डेटाचा मुक्काम आधी ठरवा

एकाच कंपनीवर विसंबून राहू नये म्हणून सगळे काही दोन क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दोन कंपन्यांच्या संगणकांवर, ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. सोलापुरातील टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांचे संगणक सांभाळताना मी तो मानून पाहिला आहे. त्याने काम दुप्पट होते आणि भरवसा मात्र तेवढाच राहतो. दुसरा क्लाउड नेमक्या एका कामासाठी घ्यावा, जसे की बिलिंगचे सॉफ्टवेअर अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतील केंद्रात आणि त्याचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या पुण्यातील केंद्रात.

खाती उघडून मुख्य लॉगिनला दुहेरी पडताळणी लावावी आणि रोजच्या कामाला वेगळे युजर करावेत. दोन्हीकडे बजेटची सूचना लावावी. मात्र नुसत्या सूचनेने खर्च थांबत नाही.

खरी मेख डेटा हलवण्यात आहे. क्लाउडमध्ये डेटा आत नेताना सहसा पैसे पडत नाहीत, पण बाहेर काढताना जीबीच्या हिशेबाने आकारणी होते, आणि दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडकडे जाणारा डेटाही बाहेर गेलेलाच धरला जातो. एका कारखान्याच्या जॅकार्ड (विणीतच नक्षी काढण्याच्या) डिझाइनचे 40 जीबी फोटो मी रोज रात्री नव्याने पूर्ण पाठवत होतो. महिन्याचे 1200 जीबी झाले, त्यातले 100 मोफत आणि उरलेल्या 1100 चे बिल पाहून मालकांनी मला चहाही विचारला नाही. चूक माझीच होती.

त्यानंतर मी आरक्लोन हे मोफत साधन वापरू लागलो, कारण ते फक्त नव्या आणि बदललेल्या फाइल पाठवते. त्यातील ‘सिंक’ ही आज्ञा बॅकअपसाठी कदापि वापरू नये. डिझायनरने मूळ फोल्डर चुकून पुसला, तर ती पलीकडची प्रतही पुसून टाकते. ‘कॉपी’ वापरावी, आधी ‘ड्राय रन’ (काहीही प्रत्यक्ष न पाठवता चाचणी) करून काय जाणार आहे ते वाचावे, आणि जुनी आवृत्ती शाबूत राहावी म्हणून पलीकडे व्हर्जनिंग चालू ठेवावे.

वेळापत्रक लावताना घड्याळ तपासावे. क्लाउडवरची वेळ बहुधा यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाण वेळ) असते, त्यामुळे रात्री दोनचे म्हणून लावलेले काम आपल्याकडे सकाळी साडेसातला, ऐन कामाच्या सुरुवातीला, सुरू होते.

महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा फोल्डर उतरवून फाइल उघडून पाहाव्यात. उतरवण्याचेही पैसे लागू शकतात, म्हणून फोल्डर लहान निवडावा.