कंबोडियात शिकवायला जाताय? आधी शाळेतलं कपाट उघडा

कंबोडियातल्या एका शाळेत मी स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला गेले होते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर ‘माय नेम इज’ लिहून पुढे रिकामी रेघ ओढली, आणि अख्खा वर्ग एका सुरात सुरू झाला. रंग विचारले, आले. प्राणी विचारले, आले. आठवड्याच्या शेवटी मी घरी फोन करून सांगितलं की मुलं भयंकर हुशार आहेत, एकदा सांगितलं की पाठ! फक्त एक गोष्ट खटकत होती. मी ‘टुडे इज मंडे’ म्हणायचे आणि मुलं ‘टुडाय इज मंडाय’ म्हणायची. मी हसून सोडून दिलं. मुलांचे उच्चार, होतं असं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी असा पाऊस लागला की पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येईना. शिकवणं थांबलं. खडू संपले होते म्हणून मी मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत वहीच्या आकाराची, प्लास्टिक चढवलेली चित्रकार्डं होती. हत्तीची सात. सात वेगवेगळ्या हातांनी काढलेले सात हत्ती, प्रत्येकाखाली ‘एलिफंट’. त्याखाली पाठाच्या टाचणांचे कागद, आणि जवळजवळ प्रत्येकावर पहिला पाठ तोच: नाव, रंग, प्राणी. एका कागदाच्या कोपऱ्यात ऑस्ट्रेलियाचा झेंडा काढलेला होता. ‘टुडाय’ कुठून आलं ते तेव्हा कळलं. माझा आठवा हत्ती माझ्या पिशवीत होता. तो मी बाहेर काढलाच नाही.

हा सापळा नीट समजून घ्या. मी घेतला नव्हता म्हणून जरा पाल्हाळ लावते.

स्वयंसेवक येतो दोन-चार आठवड्यांसाठी. त्याला आधीचं काही ठाऊक नसतं, म्हणून तो पहिल्या पाठापासून सुरू करतो. मुलांना पहिला पाठ येत असतो, म्हणून वर्ग छान रंगतो. रंगला म्हणून स्वयंसेवक खूश, फोटो चांगले येतात म्हणून संस्था खूश. तो जातो, पुढचा येतो, आणि पुन्हा ‘माय नेम इज’. सहा जण प्रत्येकी तीन आठवडे राहिले तर अठरा आठवडे झाले. तेवढ्यात मुलं वाक्यं वाचायला लागली असती. पण ती पहिल्या पाठाचा अठरा आठवडे सराव करतात. यात कुणीही खोटं वागत नाही आणि कुणीही आळशी नसतो, म्हणून तर हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मुलं का सांगत नाहीत? कारण शिक्षकाला ‘हे आम्हाला येतं’ म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. ‘समजलं का?’ असं विचारलंत तर मुली ‘चा’ म्हणतील आणि मुलगे ‘बात’ म्हणतील. दोन्हीचा अर्थ ‘हो’. पण ते बऱ्याचदा आपल्या ‘हो, हो’सारखं असतं: ऐकतोय, बोला पुढे. त्या ‘चा’वर विसंबून मी तीन आठवडे काढले. समजलं का, हे विचारूच नका. करून दाखवायला सांगा.

आणि तिथली शिक्षिका का सांगत नाही? नंतर आमची ओळख झाल्यावर मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, ‘तुम्ही इतक्या लांबून आलात.’ बस, एवढंच. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून जाण्याआधी, तिकीट काढायच्याही आधी, संस्थेला लेखी विचारा: या वर्गात माझ्या आधी कोण होतं आणि त्यांनी कुठपर्यंत आणलं? ते लिहून ठेवलंय का, असेल तर पाठवाल का? वर्गाची नेहमीची शिक्षिका कोण, आणि मी शिकवत असताना ती वर्गात असेल का? मी गेल्यावर कोण? उत्तर ‘काळजी करू नका, मुलांना तुम्ही खूप आवडाल’ अशा धर्तीचं आलं तर तिथे जाऊ नका. मला अगदी हेच उत्तर आलं होतं आणि मी पाघळले होते.

शेवटच्या दोन प्रश्नांचं महत्त्व तिथल्या इतिहासात आहे. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीच्या काळात शाळा बंद पाडल्या गेल्या आणि शिकलेल्या माणसांना वेचून मारलं गेलं. शिक्षकांपैकी बहुतेक मेले किंवा देश सोडून गेले. नंतर ज्याला थोडंफार लिहिता-वाचता येत होतं त्यालाच शिक्षक करून शाळा पुन्हा उभ्या केल्या. आजही कित्येक सरकारी प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरतात. मुलं अर्धा दिवस शाळेत आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात अशा इंग्रजीच्या वर्गांना येतात. तेव्हा तिथे वर्गावर उभी असलेली स्थानिक बाई ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. तिला बाजूला बसवून तुम्ही फळा अडवलात तर तुमचे चार आठवडे छान जातील आणि तिची पत मुलांच्या नजरेत उतरेल. फळा तिच्याकडे राहू द्या. तुम्ही मागच्या बाकावर, अडलेल्या पाच पोरांबरोबर.

आता जरा धीर देते. मराठी माणसाला तिथे एक फायदा आहे जो त्या सात हत्तीवाल्यांपैकी बहुधा कुणालाच नव्हता. शाळेला तिथे ‘साला’ म्हणतात, शिक्षकाला ‘क्रू’. आपली शाळा आणि आपला गुरू! मला मुलं ‘नेआक क्रू’ म्हणायची, म्हणजे बाई. अक्षराला ‘आक्सॉर’, भाषेला ‘फिएसा’. लिपी पाहून घाबरू नका. तिचं मूळ दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत आहे आणि वर्णमालेची रांग आपलीच: क, ख, ग, घ, ङ. उच्चार बदललेत, पण जागा त्याच. मी रोज एक वर्ग, म्हणजे पाच अक्षरं, मुलांकडून शिकायचे. एक नऊ वर्षांची मुलगी माझी परीक्षा घ्यायची आणि चुकलं की कपाळाला हात लावायची. वर्गातलं वातावरण सगळ्यात जास्त त्यानेच बदललं. बाईंनाही येत नाही हे पाहिल्यावर मुलं आपलं न येणं दाखवायला लागली.

भाषा थोडी कळली की मुलांच्या चुकाही कळतात. ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलत नाही, नामाचं अनेकवचनाने बदलत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ बोलताना बहुधा गळतो. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर’ येतं. लक्ष नाही म्हणून नव्हे. मोजताना सहाला ‘पाच-एक’ म्हणतात, सातला ‘पाच-दोन’. त्यामुळे इंग्रजी सिक्स-सेव्हनशी अडखळणारं मूल गणितात कच्चं असेलच असं नाही.

मात्र या नात्याचा एक गैरफायदा आपली माणसं हमखास घेतात, तो घेऊ नका. अंगकोर वाटच्या मंदिराच्या भिंतीवर समुद्रमंथन आणि कुरुक्षेत्र कोरलेलं दिसलं की आपली छाती फुगते आणि तोंडून निघतं, ‘हे आमचंच.’ ते त्यांचं आहे. त्यांच्या राजांनी, त्यांच्या कारागिरांनी बाराव्या शतकात उभं केलंय आणि त्यांच्या झेंड्यावर आहे. मी हे वाक्य शिक्षकांच्या जेवणाच्या वेळी बोलून बसले आहे. पुढचा अर्धा मिनिट कुणी चमचा हलवला नाही.

चौथ्या आठवड्यात मी टाचण फेकून दिलं. आपल्याकडे ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी मुलांना वर्गाने नव्हे, वाचता काय येतं त्याने ओळखते: अक्षर, शब्द, वाक्य. तेच केलं. एकेका मुलाला बाजूला घेऊन एक कागद, तीन-चार मिनिटं. बाहेरच्या ओट्यावर, कारण इतरांसमोर मुलं पाठ केलेलं म्हणतात. चौतीस मुलांत ‘एलिफंट’ चित्र दाखवल्यावर सगळ्यांना आलं. चित्र झाकून नुसता शब्द ठेवला तर सहा जणांना वाचता आला. ‘कॅट’, ‘बिग’ असे सुटे शब्द निम्म्यांना. बारा जणांना छोटी लिपी ओळखता येत नव्हती, कारण कार्डांवर सगळं मोठ्या लिपीत होतं. आणि तीन मुलं सरळ परिच्छेद वाचून गेली. ही तीन मुलं गेले कित्येक महिने ‘माय नेम इज’ म्हणत बसली होती.

मग शिक्षिकेने तीन गट केले. तिने, मी नाही. मी एक जाड वही आणली: डावीकडे मुलाचं नाव, मधे आज कुठे आहे, उजवीकडे पुढचं पाऊल. वही कपाटात नाही, तिच्या टेबलावर. तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, ही वही करा. शक्यतो पहिल्याच आठवड्यात. माझ्यासारखी चौथ्यात नको.

अनाथाश्रमात जाऊ का, असं मला सारखं विचारतात. नाही. यावर चर्चा नको. २००५ ते २०१० या काळात कंबोडियातल्या निवासी बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली आणि युनिसेफच्या सांगण्याप्रमाणे तिथल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. मुलं अनाथ होती म्हणून आश्रम निघाले नाहीत. पाहुणे आणि देणग्या येत होत्या म्हणून घरची मुलं तिकडे आणली गेली. तुम्ही प्रेमाने गेलात तरी त्या साखळीत एक कडी होता. शिवाय दर महिन्याला नवा माणूस येऊन जीव लावतो आणि जातो, त्याचं त्या मुलाच्या मनात काय होत असेल? जी जागा तुमची ओळख न तपासता, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र न मागता तुम्हाला मुलांजवळ सोडते, तिथून त्याच पावली परत फिरा. मग ती शाळा असो की आश्रम.

बाकी गोष्टी भराभर. पर्यटक व्हिसा, म्हणजे ‘टी’, एकदाच महिनाभर वाढतो आणि तो कामासाठी नाही. शिकवणं फुकट असलं तरी काम आहे. ‘ई’ प्रकारचा घ्या, तो तिथे राहून पुढे वाढवता येतो. कामाच्या परवान्याचं काय, हेही संस्थेकडून लेखी घ्या. ‘सगळे टीवरच येतात’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दंड तो भरणार नाही. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्ष असतं, शाळा ओस पडतात, तेव्हा ‘दोन आठवडे एप्रिल’ असा बेत करू नका. रेबीजची लस आधी घ्या. कुत्री सगळीकडे आहेत आणि चावलं तर नोम पेन्हची पाश्चर संस्था तुमच्या गावापासून सहा तासांवर असू शकते. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. डॉलर चालतात, पण जरासा फाटका डॉलर कुणी घेत नाही.

आणि ते इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र. माझ्याकडे आहे. दोन शनिवार-रविवारांत मिळवलं, १२० तास कुठे गेले ते मला विचारू नका. त्याने दार उघडतं, वर्ग उघडत नाही. त्यापेक्षा जवळच्या कुठल्याही शाळेत महिनाभर पहिली-दुसरीला मागे बसून शिकवताना पाहा. जे परदेशी जायचं ‘मार्गदर्शन’ पैसे घेऊन करतात त्यांच्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० पासून आहे, अर्जाला पैसे घेत नाही, उलट निर्वाह भत्ता देते. पण त्यांना अनुभवी माणसं हवी असतात, नवख्याला तिथे लगेच जागा मिळेल असं समजू नका. तोवर त्यांचं ऑनलाइन काम करून पाहता येतं. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेच्या जाहिराती पाहून हुरळू नका, ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे. फी घेणारी प्रत्येक संस्था लबाड असते असंही नाही. राहणं-खाणं, स्थानिक माणसाचा पगार, याला पैसे लागतातच. त्यातले शाळेला किती पोचतात, हा प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडतो की आकडा सांगतो, ते पाहा.

पहिल्या आठवड्यात रडू येईल. मला मच्छरदाणीत बसून आलं होतं, कारण काही नव्हतं. येऊ द्या. आणि ‘मी कुणाचं भलं करायला लायक आहे का’ हा प्रश्न पडला तर तो चांगला आहे, पण त्यापायी जाणं रद्द करू नका. तीन महिने काढता येत असतील तर जा. दोनच आठवडे असतील तर मुलांना शिकवू नका. शिक्षिकेला विचारा, तिला काय शिकायचंय. आमच्या बाईंना संगणकावर प्रश्नपत्रिका टाइप करायची होती. ते दोन दुपारी झालं आणि माझ्या सगळ्या मुक्कामातलं तेच सगळ्यात जास्त टिकलं.

त्या अजून कधीमधी वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. नावं ख्मेरमध्ये असतात, मी अक्षर अक्षर जुळवत वाचते, एका नावाला दोन मिनिटं लागतात. गेल्या वेळी फोटोखाली एक ओळ होती. नवीन स्वयंसेवक येणार आहे, तुझ्या ओळखीची आहे म्हणते, तिला सांगशील का: प्लीज, नो मोर ॲनिमल्स.