एकाच लॅपटॉपवर ऑफिसचं आणि स्वतःचं गिटहब खातं वेगळं कसं ठेवावं

खासगी जीमेलने केलेला कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) ऑफिसच्या रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या साठ्यात) एकदा पुश झाला, म्हणजे गिटहब या साइटवर चढला, की तो तिथल्या इतिहासाचा भाग होतो. टीममधल्या प्रत्येकाच्या क्लोनमध्ये (रेपॉझिटरीच्या प्रतीत) तो पत्ता पोचतो. उलट, स्वतःच्या प्रकल्पात कंपनीचा ईमेल दिसला तर कोड नक्की कुणाच्या मालकीचा, असा प्रश्न नाहक उभा राहतो. दर वेळी आठवणीने ईमेल बदलण्यावर भिस्त ठेवू नका, घाईच्या दिवशी हमखास विसरायला होतं. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत त्यावरून गिटलाच (लॅपटॉपवर बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या प्रोग्रामलाच) कळू द्या.

आधी एक फरक पक्का करून घ्या. कमिटवर कुणाचं नाव आणि ईमेल जाणार, हे गिटच्या सेटिंगवर ठरतं. पुश करायची परवानगी आहे की नाही, हे गिटहब तुमच्या एसएसएच कीवरून (ओळख पटवणाऱ्या फायलींच्या जोडीवरून) ठरवतं. बहुतेकांची गडबड इथेच होते: एक बाजू नीट लावतात आणि दुसरी तशीच राहते.

(खालच्या आज्ञा आणि फायलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टाइप मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरांत करा.)

१. होम फोल्डरमध्ये ‘ऑफिस’ आणि ‘घर’ असे दोन फोल्डर करा. सगळे प्रकल्प या दोहोंपैकी एकातच ठेवा.

२. ‘.गिटकॉन्फिग-ऑफिस’ आणि ‘.गिटकॉन्फिग-घर’ अशा दोन फायली करून प्रत्येकीत यूजर या विभागाखाली त्या त्या खात्याचं नाव आणि ईमेल लिहा. मग मुख्य ‘.गिटकॉन्फिग’ फाइलमध्ये हे टाका:

[इनक्लूडइफ "गिटडिर:~/ऑफिस/"]
पाथ = ~/.गिटकॉन्फिग-ऑफिस

घरच्या फोल्डरसाठीही अशाच दोन ओळी. शेवटची तिरकी रेघ गाळू नका. ती असली तरच आतल्या सगळ्या रेपॉझिटरींना नियम लागू होतो. ही सोय २०१७ च्या गिट २.१३ पासून आहे.

मुख्य फाइलमधला जुना ईमेल काढून टाका आणि यूजर विभागात ‘यूजकॉन्फिगओन्ली = ट्रू’ लिहा. मग या दोन फोल्डरांबाहेर चुकून कमिट करायला गेलात, तर गिट अंदाजाने ईमेल न लावता सरळ नकार देतं. एवढ्या एका ओळीने किती मनस्ताप वाचतो!

३. आता की. गिटहबवर एकच की दोन खात्यांना जोडता येत नाही, म्हणून ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही आज्ञा दोनदा चालवा आणि ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये फायलींना वेगवेगळी नावं द्या, उदाहरणार्थ ‘ऑफिस_की’. ‘.पब’ने संपणाऱ्या फायलीतला मजकूर त्या त्या खात्याच्या सेटिंगमध्ये चिकटवा. दुसरी फाइल कुणालाही द्यायची नाही.

४. ‘.एसएसएच’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये लिहा:

होस्ट गिटहब-ऑफिस
होस्टनेम गिटहब.कॉम
यूजर गिट
आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/ऑफिस_की
आयडेंटिटीजओन्ली येस

‘गिटहब-ऑफिस’ हे गिटहब.कॉमला आपण दिलेलं टोपणनाव. ‘गिटहब-घर’साठी दुसरा असाच भाग. शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर एसएसएच एजंट (किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) हाताशी असलेल्या किल्ल्या एकेक करून पुढे करतो आणि गिटहब ओळखीची पहिली की स्वीकारतं. ती घरच्या खात्याची निघाली, तर ऑफिसची खासगी रेपॉझिटरी समोर असूनही ‘रेपॉझिटरी नॉट फाउंड’ असं उत्तर येतं, आणि माणूस तासभर पत्ता तपासत बसतो.

५. क्लोन करताना पत्त्यात ‘गिट@गिटहब.कॉम’च्या जागी ‘गिट@गिटहब-ऑफिस’ लिहा. आधीच घेतलेल्या रेपॉझिटरीत ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ आणि पुढे नवा पत्ता द्या.

६. तपासून बघा. ‘एसएसएच -टी गिट@गिटहब-ऑफिस’ चालवा; इथला ‘टी’ मात्र कॅपिटल. उत्तरात गिटहब तुमच्या खात्याचं नाव घेऊन ‘हाय’ म्हणतं. ते नाव ऑफिसचंच आहे ना, बघा. मग एखाद्या रेपॉझिटरीच्या आत जाऊन ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन यूजर.ईमेल’ विचारा, ईमेल कुठल्या फाइलमधून आला तेही दिसतं. नुसत्या ‘ऑफिस’ फोल्डरमध्ये उभं राहून विचारलंत तर काहीच दिसणार नाही, कारण हा नियम गिट रेपॉझिटरीतच लागू होतो.

शेवटचा कमिट चुकीच्या ईमेलने झालाय, पण अजून पुश केलेला नाही? सेटिंग नीट करून ‘गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --नो-एडिट’ द्या, नाव-पत्ता बदलेल. पुश झाला असेल तर मात्र आधी टीमशी बोला, आपल्या मनाने फोर्स पुश (गिटहबवरचा इतिहास पुसून आपला चढवणं) करू नका.