गरम झाली की बंद पडायची

माझी २००३ ची पेट्रोल गाडी खंबाटकी घाटात, शेजारी वडील बसलेले असताना, अचानक बंद पडली. २० मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू झाली. पुढचे दोन महिने हेच. गॅरेजमध्ये नेली की मात्र गुपचूप चालायची. फ्युएल पंप बदलला, प्लग बदलले. पैसे गेले, दुखणं तिथंच.

शेवटी आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणाले, "दादा, आता बंद पडली की स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा बघा." बघितला. इंजिन फिरत होतं, काटा मात्र शून्यावरच. प्लगला करंटही नव्हता. म्हणजे संशय इंजिनाचं फिरणं टिपणाऱ्या क्रँक सेन्सरवर. त्याच्या आतली बारीक तारेची कॉइल तापली की कुठंतरी सुटते, गार झाली की पुन्हा जुळते. सेन्सरचा सिग्नल गेला की इंजिन फिरतंय हेच ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळत नाही, मग ठिणगीही नाही अन् पेट्रोलही नाही. सेन्सरवर गार पाण्याचा फडका धरला आणि थोड्याच वेळात गाडी सुरू! इतका आनंद मला गाडी घेतानाही झाला नव्हता.

नवा सेन्सर बसवला, कनेक्टर साफ केला. भर मे महिन्यात तोच घाट तीनदा चढलो, वडील शेजारीच होते.