सीड मनीतलं पहिलं संशोधन: हातपंप, बाटल्या आणि ३१ मार्च

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. विद्यापीठाचं सीड मनीचं, म्हणजे शिक्षकाला संशोधन सुरू करायला मिळणाऱ्या छोट्या अनुदानाचं, परिपत्रक प्राचार्यांनी स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं आणि खाली पेनानं लिहिलं, 'इच्छुकांनी आठ दिवसांत'. नॅक, म्हणजे कॉलेजच्या दर्जाची तपासणी, जवळ आली की अशी परिपत्रकं जरा जास्तच तळमळीनं लागतात, कारण शिक्षकांना संशोधनासाठी सीड मनी दिलं का, याचे तिथे गुण असतात. हेतू काहीही असो, पैसे खरे असतात. अर्ज करावाच.

माझा पहिला प्रस्ताव आता वाचला की घाम फुटतो. फ्लोराइड, नायट्रेट, कीटकनाशकांचे अंश, किडनीचे आजार आणि वर तीन तालुके. सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी खर्चाचं पान उलटून विचारलं, "सर, हे दीड लाखात की दीड कोटीत?" सगळे हसले, मीही हसलो, आणि रात्री बसून सगळं कापलं. उरलं ते एवढंच: केळापूर तालुक्यातल्या दोन गावांत आणि एका कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) लोक जे पाणी पितात, त्यात फ्लोराइड किती? हातपंपात किती, विहिरीत किती? सीड मनीला एवढा प्रश्न पुरतो. खरं तर एवढाच झेपतो.

यवतमाळच्या या पट्ट्यात फ्लोराइडचा त्रास जुना आहे; ते जास्त झालं की दात आणि हाडं बिघडतात. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरतं. त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असलं की खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरत राहतं. उथळ विहिरीत बहुधा ते कमी सापडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. गंमत म्हणजे एका गावाला जिल्हा परिषदेचं हिरवं कार्ड होतं. सरपंचांनी ते अभिमानानं दाखवलं. ते कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता आणि पाण्यातून पसरणारे साथीचे रोग यांचा विचार करून मिळतं, फ्लोराइडचा त्याच्याशी संबंध नाही. हे सांगताना मला आवाज खाली आणावा लागला.

आता कामाच्या गोष्टी.

नमुना प्लास्टिकच्याच बाटलीत घ्या. फ्लोराइड काचेशी खेळतं. हातपंप आधी काही मिनिटं हापसून पाणी वाहू द्या, मग त्याच पाण्यानं बाटली विसळा, मग भरा. नंबर टिकाऊ मार्करनं बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. पहिल्या फेरीत मी झाकणांवर लिहिला होता. जीपमध्ये दोन झाकणं निघाली, विद्यार्थ्यानं प्रामाणिकपणे परत लावली, कुठली कुठे ते देव जाणे. परत गेलो. त्या दिवसाचं डिझेल माझ्या खिशातलं.

फ्लोराइड इलेक्ट्रोडनं मोजणार असाल तर नमुन्यात टिसॅब नावाचं बफर द्रावण घालायला विसरू नका. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाशी बांधलेलं फ्लोराइड ते मोकळं करतं. नाहीतर रीडिंग कमी येतं आणि तुम्ही आनंदात घरी जाता.

माणसांच्या अंगाला हात लावणार असाल, म्हणजे अगदी शाळेतल्या मुलांचे दात बघणार असाल तरी, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा. मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवी, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला समजावून त्याचा होकारही. आमच्या कॉलेजात कमिटीच नव्हती. बाहेरच्या कमिटीची तारीख मिळेपर्यंत कापूस वेचून झाला. घाई असेल तर पहिल्या वर्षी फक्त पाणी तपासा, दात पुढच्या वर्षी.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रश्नावलीनं. "तुम्ही कुठलं पाणी पिता?" असं मी घरोघर विचारत होतो आणि उत्तर एकच येत होतं, "हातपंपाचं." मग पोडावर एका बाईबरोबर शेतापर्यंत गेलो. दिवसभर ती शेतातल्या विहिरीचं पाणी पीत होती. घरचं पाणी फक्त सकाळी-संध्याकाळी आणि चहाला. माझा अख्खा तक्ता चुकीचा होता. नंतर प्रश्न बदलला: "काल उठल्यापासून पाणी कुठं कुठं प्यालात?" पोडावर विचारायला कोलामी बोलणारी आशाताई सोबत घेतली. तिचं मानधन प्रस्तावात धरायला मी विसरलो होतो, तुम्ही विसरू नका.

पैशांचं थोडक्यात सांगतो. मंजुरीपत्र सप्टेंबरात आलं, पहिला हप्ता फेब्रुवारीत आणि खर्च ३१ मार्चपर्यंत दाखवायचा. त्यामुळे तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता पैसे येण्याआधीच तयार ठेवा. वस्तू आली की त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद करा. जीपच्या पावतीवर गाडीचा नंबर आणि किलोमीटर नसतील तर लेखा विभाग ती परत पाठवतो. खात्यात जमलेलं व्याजही उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्चलं याच्या दाखल्यात) दाखवावं लागतं. माझं प्रमाणपत्र त्या चिल्लर व्याजासाठी दोनदा परत आलं. क्लार्कवर चिडू नका, पुढच्या वर्षी तोच असतो.

पहिल्या फेरीत हातपंपावर एक आजी म्हणाली होती, "मांगं बी एक सायेब बाटल्या भरून घेऊन गेला बापा. मंग आलाच नाही." म्हणून निकाल आल्यावर पेपर लिहायच्या आधी गावात गेलो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: कुठला हातपंप प्यायला नको, कुठली विहीर चालेल. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं, हेही लिहिलं. आजीनं नातवाकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग शाळेमागच्या हिरीचं पेवाव का?"

त्या विहिरीत फ्लोराइड कमी होतं. पण कठडा ढासळलेला, आत पानं कुजलेली. मी जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्याकडे, बघितलं. तो म्हणाला, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आहे सर, पण आधी उपसावी लागेल.