कोल्हापुरात आफ्रिकन व्हायोलेट फुलवायचं तर

मागच्या आषाढात आमच्या गल्लीतल्या काकूंनी त्यांचं आफ्रिकन व्हायोलेट माझ्यापुढं आणून ठेवलं. पानं मऊ पडून कुंडीच्या काठावर लोळत होती. "रोज पाणी घालते की मी, तरी सुकतंयच बघ," काकू म्हणाल्या. मधली पानं बोटानं जराशी हलवली तर अख्खा गड्डाच हातात आला. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, सडक्या बटाट्याचा वास. रोप तहानलेलं नव्हतं, बुडालेलं होतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, मग भर पाण्यात उभं असूनही पानं माना टाकतात. सुकलेलं दिसतं म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि तिथंच खेळ संपतो.

त्या रोपाची बाहेरची दोन पानं मात्र देठापर्यंत टणक होती. ती मी कापून घेतली. त्यांचं पुढं काय केलं ते शेवटी सांगते, आधी हे झाड मुळात कुठलं ते बघू, कारण त्याची निगा त्यातूनच कळते.

टांझानियातले उसांबारा आणि उलुगुरू हे डोंगर, शिवाय केनियाचा थोडा भाग, हे त्याचं माहेर. तिथल्या दाट झाडीत, शेवाळलेल्या कातळांच्या कपारीत ते उगवतं. जर्मन अंमलदार वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी ते जर्मनीला धाडलं आणि १८९३ साली हेर्मान वेंडलांड यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करून 'सेंटपॉलिया' हे नाव दिलं. म्हणजे इकडं शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार यायच्या वर्षभर आधीची ही गोष्ट. आता शास्त्रज्ञ त्याला 'स्ट्रेप्टोकार्पस' या वंशात धरतात. खऱ्या व्हायोलेटशी त्याचं नातं नाही, फक्त फुलांचा तोंडवळा तसा.

कपारीत मूठभर पालापाचोळा असतो, पाणी येतं आणि वाहून जातं, ऊन फांद्यांतून गाळून पडतं. घरात आपल्याला एवढंच उभं करायचं आहे.

रोप निवडताना

नर्सरीत फुलांवर भाळू नका, मधोमध बघा. मधली कोवळी पानं ताजी आणि मोकळी हवीत. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते रोप नको. कुंडी हातात घेऊन बघा. चिंब आणि जड असेल तर दुसरी उचला. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. तेवढ्यात पानं थोडी मरगळली किंवा कळ्या गळल्या तर घाबरू नका, जागा बदलली की असं होतंच.

जागा

पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळालं तर चालतं, त्यानंतर नुसता उजेड. उत्तरेच्या खिडकीतही चांगलं जमतं. पश्चिमेची खिडकी असेल तर पातळ पडदा हवाच. जुन्या पेठांतल्या घरांच्या सोप्यात गारवा छान असतो, पण उजेड कमी पडतो. तिथं पानं हिरवीगार राहतात आणि फूल काही येत नाही.

उजेड पुरतोय की नाही हे रोपच सांगतं. देठ लांब होऊन पानं वर हात केल्यासारखी उभी राहिली तर उजेड कमी. पानं फिकी, पिवळट, मधला भाग आखडलेला असेल तर जास्त. पानं ताटासारखी आडवी पसरली तर जागा बरोबर. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवायची, नाहीतर झाड खिडकीकडं कलतं.

खिडकी जमत नसेल तर साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली ठेवा. पानांपासून फूटभर उंचीवर, रोज १२ तास. रात्री मात्र दिवा बंद. या झाडाला निदान ८ तास अंधार लागतो, त्याशिवाय कळ्या नीट धरत नाहीत.

कुंडी आणि माती

आपल्याकडची ऊस पिकवणारी काळी माती या झाडाच्या जिवावर उठते. ओली झाली की चिकटून बसते आणि मुळांना श्वास मिळत नाही. तांबडी मातीसुद्धा नको. खरं म्हणजे मातीच नको.

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे), एक भाग व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखे चमकदार, पाणी धरणारे दाणे). कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. पाण्याचे एक-दोन थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा भुसभुशीत सुटावा. लाडवासारखा घट्ट बसला तर आणखी परलाइट घाला.

कुंडी लहानच घ्या. पानांच्या घेराच्या एक तृतीयांश, म्हणजे ९ इंच पसरलेल्या झाडाला ३ इंचांची कुंडी. बघणाऱ्याला ती फार लहान वाटते. पण मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं, आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. मला प्लॅस्टिकची कुंडी बरी वाटते. मातीची कुंडी उन्हाळ्यात फार लवकर सुकते, शिवाय तिच्या काठावर क्षार साठतात आणि टेकलेले देठ त्यानं जळतात.

पाणी

वार ठरवून पाणी घालू नका. "सोमवार-गुरुवार" हा हिशेब वैशाखात वेगळा लागतो आणि श्रावणात वेगळा. पाणी घातल्यावर लगेच कुंडी उचलून तिचं वजन हातात भरून घ्या. मग रोज एकदा उचलून बघायची. हलकी लागली, वरचा थर बोटाला कोरडा लागला, की पाणी. चार-पाच वेळा केलं की हाताला ते वजन ओळखू येतं, आणि मग सहसा चूक होत नाही. काकूंनाही मी कुंडी उचलायलाच शिकवलं.

पाणी खालून द्यायचं. बशीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी घ्या, कुंडी त्यात ठेवा, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून द्या. बशीत पाणी तसंच राहू द्यायचं नाही. महिन्यातून एकदा मात्र वरून, कडेकडेनं सावकाश भरपूर पाणी घालून ते खालून वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. तेव्हाही मधला गाभा कोरडाच ठेवायचा.

पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. थंडीत पहाटे नळाला आलेलं गार पाणी पानावर पडलं तर तिथं फिकट वळी उमटतात, आणि ते डाग पान गळेपर्यंत जात नाहीत. रात्री बादली भरून ठेवली की हा प्रश्नच उरत नाही. बोअरचं जड पाणी शक्यतो टाळा. पावसाचं धरलेलं पाणी असेल तर फारच चांगलं.

चार दिवस गावाला जायचं असेल तर वातीची सोय करता येते. समईची वात तेल ओढते तसंच. ॲक्रिलिक लोकरीचा धागा ओला करून कुंडीच्या भोकातून आत घ्या, दुसरं टोक झाकणाला भोक पाडलेल्या श्रीखंडाच्या डब्यातल्या पाण्यात सोडा, कुंडी झाकणावर ठेवा. सुती धागा नको, तो कुजतो. वात कायमची ठेवायची असेल तर मिश्रणात निम्मं परलाइट घाला.

खत

कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत मिळतं. चार लिटर पाण्यात एक ग्रॅम, बस्स. पिकाचा डोस या रोपाला देऊ नका. झाड फुटव्यात आणि फुलांवर असताना हे पातळ पाणी नेहमीच्या पाण्याऐवजी द्या. कडक उन्हाळ्यात, किंवा रोप आजारी असताना, बंद.

कोल्हापूरचं वर्ष

या झाडाला १८ ते २७ अंश तापमान मानवतं. दिवाळीनंतरचे दिवस त्याचे हक्काचे, भरभरून फुलतं. रात्री पारा १४-१५ वर आला तर काचेला टेकलेली कुंडी हातभर आत घ्या.

याच काळात आपल्याकडं कारखान्यांचा गळीत हंगाम असतो. फडात पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येते आणि गच्चीवरच्या धुण्यावर बसते, तशी या लवदार पानांवरही. ओल्या फडक्यानं पुसायला गेलात तर लव चिकटून पान खराब होतं. रंगकामाचा मऊ कुंचला घ्या, पानाखाली तळहात धरा आणि देठाकडून टोकाकडं हलकेच झाडा. फारच माखलं असेल तर कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली पानं धुवा, गाभ्यात साठलेलं पाणी कापसानं टिपा आणि सुकेपर्यंत सावलीत ठेवा.

मार्चपासून मेपर्यंत कसोटी. बाहेर ३८ अंश असताना कळ्या उमलायच्या आधीच वाळून गळतात. झाड जगवणं एवढंच तेव्हा ध्येय ठेवा. घरातल्या गार खोलीत, फरशीजवळ, उजेडाच्या बाजूला ठेवा. पसरट ताटलीत खडे आणि पाणी घालून त्या खड्यांवर कुंडी ठेवली की भोवतीची हवा दमट राहते. कुंडीचं बूड मात्र पाण्याला लागू द्यायचं नाही. कूलरचा झोत थेट नको. वळीव पडून गेला की झाड आपोआप सावरतं.

जून ते सप्टेंबर सगळ्यात जास्त रोपं जातात, आणि ती आपल्या हातूनच जातात. हवा दमट, उजेड कमी, कुंडी आठ-दहा दिवस हलकी होत नाही. वात काढून टाका. खोलीत पंखा मंद चालू ठेवा. सुकलेली फुलं देठासकट खुडा, ती पानांवर पडून कुजतात.

मान लांबली की

खालची पानं पिकून गळत जातात आणि वर्षभरात झाडाची उघडी मान दिसायला लागते, पपईच्या झाडासारखी. तेव्हा कुंडी बदला. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. खालची जुनी पानं काढा, मानेवरचं तपकिरी साल बोथट सुरीनं हळू खरवडा, मुळांच्या गोळ्याचा खालचा भाग मानेएवढाच कापून टाका आणि रोप त्याच मापाच्या कुंडीत, मान पुरेल इतकं खाली बसवा. मानेतून नवी मुळं फुटतात. पानांच्या बगलेतून केळीसारखी पिलं येतात, ती लहान असतानाच पेन्सिलच्या टोकानं काढा. पिलं वाढली की झाडाची गोल बैठक मोडते आणि फुलं कमी होतात.

रोग-किडी

बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढा, दर पाच-सहा दिवसांनी, सगळा संपेपर्यंत. पाकळ्यांवर पिवळे पराग सांडलेले दिसले तर ते फुलकिड्यांचं काम. सगळी फुलं आणि कळ्या काढून टाका. पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, आली तर हवा खेळती करा. गाभ्यातली पानं राखाडी, केसाळ, आखडून कडक झाली तर तो सूक्ष्म कोळी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी कीड, आहे. तिथं माया करू नका. रोप पिशवीत बांधून टाकून द्या, नाहीतर शेजारची झाडंही जातील.

घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांना हे झाड विषारी नाही.

एका पानाचं रोप

आता काकूंची ती दोन पानं. टणक, निरोगी पान घ्या. रोप धडधाकट असेल तर बाहेरून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतलं. सगळ्यात बाहेरचं म्हातारं असतं आणि मधलं कोवळं. स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं देठ सव्वा इंच ठेवून तिरका कापा. कापलेली बाजू पानाच्या वरच्या अंगाला यावी, म्हणजे पिलं पुढच्या बाजूला फुटतात. कापलेला भाग पांढरट हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका दिसला तर तो जाईपर्यंत वर वर कापत जा. काकूंच्या एका पानाचा देठ असाच करत अर्ध्या इंचावर आला होता, तरी लागला.

बुडाला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यात तेच मिश्रण, थोडं जास्त परलाइट घालून, जेमतेम ओलं. देठ अर्धा इंच खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि उजेडात, पण उन्हात नाही, असं ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. पान हळूच ओढल्यावर ते धरून ठेवतंय असं वाटलं की समजायचं. दोन-अडीच महिन्यांनी देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पानं वर येतात. ती रुपयाच्या नाण्याएवढी झाली की एकेक पिलू वेगळं करून दोन इंचांच्या कुंडीत लावा. त्यापुढं फूल यायला सहा-आठ महिने धरा. चक्रासारखे पट्टे असलेल्या फुलांच्या जाती मात्र पानापासून सहसा तशाच येत नाहीत, त्यांची पिलंच लावावी लागतात.

काकूंच्या दोन पानांची पाच रोपं झाली. दोन परत त्यांच्याकडं गेली, एक त्यांच्या लेकीला पुण्याला द्यायचं ठरलं. रोप एसटीतून नेण्यापेक्षा मी त्यांना पानच दिलं. देठाला ओला टिश्यू गुंडाळून, पान फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तोंड बांधलं की तीन-चार दिवस सहज टिकतं, फक्त उन्हात किंवा बंद गाडीत राहू द्यायचं नाही. पोचल्यावर देठाचं टोक चिमूटभर नव्यानं कापायचं, आणि मग खोचायचं.