रोपाच्या पानावरून दाण्याची पारख

मक्याच्या पैदाशीच्या कामात नव्याने येणाऱ्याला एक गोष्ट पटायला वेळ लागतो. दाणा सकस होणार का, हे कणीस लागायच्या आधीच बघावं लागतं.

साध्या मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही शरीराला लागणारी अमिनो आम्लं कमी असतात. ओपेक-२ जनुकाच्या बदललेल्या रूपामुळे ती जवळपास दुप्पट होतात. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी हे १९६४ मध्ये मांडलं. गोम अशी की हा गुण अप्रभावी आहे. बदललेल्या जनुकाची एकच प्रत आली तर दाणा चारचौघांसारखाच दिसतो. म्हणून बॅकक्रॉसची, म्हणजे संकराचा मूळ वाणाशी पुन्हा संकर करून मिळालेली रोपं पंधरा-वीस दिवसांची झाली की कोवळं पान खुडायचं, डीएनए काढायचा आणि मार्कर, म्हणजे जनुकाचं कुठलं रूप आहे ते दाखवणारी डीएनएची खूण, लावायचा. डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलवर दोन पट्ट्या (एक साध्या, एक बदललेल्या रूपाची) दिसल्या तर रोप ठेवायचं, एकच दिसली तर उपटायचं. साधारण निम्मी रोपं जातात. तेवढाच परागीकरणाचा व्याप वाचतो. मार्कर म्हणून फाय ०५७ किंवा यूएमसी १०६६ घ्या. फाय ११२ मध्ये एक प्रत असलेलं रोप आणि साधं रोप सारखंच दिसतं, त्यामुळे या टप्प्यावर तो बिनकामाचा.

प्रयोगशाळेतलं काम महिनाभरात हाताला बसतं. मी आपटलो ते शेतात. पहिल्या हंगामात रोपांच्या टॅगवर जेल पेनने नंबर घातले. सुवाच्य, निळे. रात्री पाऊस झाला आणि सकाळी टॅग कोरे. फ्रीजमध्ये ९६ नमुने व्यवस्थित मांडलेले, पण त्यातला सतरा नंबर शेतातला कुठला, ते सांगायला कोणी नाही! सगळी पानं पुन्हा खुडली. सर रागावले नाहीत, दुसऱ्या दिवशी टेबलावर पेन्सिलींचा डबा ठेवून गेले. तेव्हापासून टॅग पेन्सिलीने, शिवाय ओळ आणि रोप यांचा नकाशा वहीत.

निवडलेल्या रोपाच्या कणसाला केसर बाहेर पडायच्या आत पिशवी घाला. शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडले की त्या दाण्यातला गुण गेलाच, कारण दाण्याच्या गरात बापाचाही वाटा असतो.

आणि मार्करवर सगळा भार टाकू नका. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असूनही दाणा खडूसारखा मऊ निघू शकतो, आणि असा दाणा साठवणीत किडतो. म्हणून शेवटी दाणे खालून दिवा लावलेल्या काचेवर पसरून किती भाग अपारदर्शक आहे ते बघायचं आणि मूठभर दाणे दळून ट्रिप्टोफॅन मोजायला द्यायचे.